कागदावरचा लोहगड

१८६६ साली नागपुरात एक इंग्रजी पुस्तक छापून निघाले. मध्य प्रांतातल्या आदिम जमातींविषयीचे कागद, असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. त्यावर नावे दोन. लिहिणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि संपादन करणारे रिचर्ड टेम्पल. पुस्तक बाहेर पडले तेव्हा हिस्लॉप हयात नव्हते. या पुस्तकाच्या अखेरच्या भागात एक लांबलचक गोंडी गीत आहे, रोमन अक्षरांत उतरवलेले, सोबत इंग्रजी अर्थ. गीत लिंगोचे, म्हणजे गोंडांना जगण्याची रीत शिकवणाऱ्या त्यांच्या कथानायकाचे आहे. ज्याच्या तोंडून ते उतरवून घेतले, त्याची ओळख पुस्तकात 'परधान' एवढीच उरली आहे.

त्या गीतात एका जागेचे नाव येते : काचीकोपा लोहगड.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या रेल्वेने गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा ही स्थानके मागे टाकली की दरेकसा येते. तिथून जवळच धनेगाव आणि त्याच्या वरच्या अंगाला कचारगडचा डोंगर. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा सगळ्या दिशांनी गोंड माणसे इथे लाखांनी येतात आणि धनेगावातून डोंगरातल्या गुहेपर्यंत चालत जातात. हाच तो काचीकोपा लोहगड, असे त्यांचे सांगणे आहे. नागपूरच्या छापखान्यातला कागद आणि सालेकसा तालुक्यातली ही पायवाट एकमेकांना कशी भेटली, हे उपलब्ध कागदांवरून बरेचसे जुळवता येते.

सुरुवात हिस्लॉपपासून करू. १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी जन्मलेले हे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली; नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय आजही त्यांचे नाव सांगते. पण धर्मप्रसाराइतकाच वेळ त्यांनी दगडांत, जीवाश्मांत आणि माणसांच्या बोलींत घालवला. नागपूरच्या आसपासचे भूस्तर त्यांनी पायी हिंडून तपासले, आणि तशाच नेटाने गोंडांच्या जमाती, देव, विधी, शब्द टिपत राहिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला टेम्पल यांच्यासोबत गेले होते. परतताना वाटेतल्या एका शाळेची पाहणी करायला ते मागे थांबले. संध्याकाळी बोरीच्या मुक्कामी घोडा आला, तो स्वाराविना. पावसाने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप वाहून गेले होते. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

टेम्पल तेव्हा मध्य प्रांताचे सर्वोच्च अधिकारी होते. मागे राहिलेली टिपणे त्यांनी गोळा केली, लावली, त्यांना टिपा जोडल्या आणि छापली. म्हणून आपल्या हाती जे आहे ते तीन हातांतून आलेले आहे. एका परधानाने गायले, एका मिशनऱ्याने उतरवले, एका प्रशासकाने संपादित केले. साधार इतिहास लिहिताना ही उतरंड विसरून चालत नाही. मला स्वतःला यातला पहिला हात सर्वांत मोठा वाटतो. किंगरीवर गाणारा, गोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या मुखी सांभाळणारा परधान नसता तर हिस्लॉप यांच्या वहीत उतरायला काही नव्हतेच.

गीताचे पाच भाग आहेत. सृष्टी आणि गोंडांची उत्पत्ती, लिंगोचे येणे, बंदिवासातून सुटका, कुळांची विभागणी आणि देवपूजेची स्थापना, शेवटी लग्नाचे विधी. गीताच्या आरंभी गोंड म्हणजे देवच आहेत. बारा खळी भरतील इतके गोंड देव जन्मतात आणि डोंगरदऱ्यांत, झाडाझाडांखाली पांगतात. मिळेल ते खातात, आंघोळ करीत नाहीत. त्यांचा वास धवलगिरीवर महादेवापर्यंत पोचतो आणि महादेव संतापतो. अंगावरच्या मळातून तो एक खार घडवतो आणि तिला त्यांच्यात सोडतो. खार दिसताच गोंड काठ्या-दगड घेऊन तिच्यामागे धावतात. खार पळत पळत गुहेत शिरते, तिच्यामागे तेही शिरतात, आणि महादेव गुहेच्या तोंडावर सोळा हात लांबीची शिळा लावून टाकतो. भस्मासूर राखणीला बसतो.

चार जण मात्र बाहेर राहतात. ते पळ काढतात आणि काचीकोपा लोहगडला जाऊन राहतात. इंग्रजी अर्थात त्याचे वर्णन लाल डोंगरातली लोखंडाची दरी असे केले आहे.

पुढे फुलातून लिंगो जन्मतो. रानात हिंडताना त्याला हे चौघे भेटतात. तो त्यांना झाडे तोडून धान पेरायला शिकवतो. पिकलेले धान नीलगाई खाऊन जातात. शिकार भाजायला विस्तव हवा म्हणून रिकाड गवाडी या राक्षसाकडे जावे लागते. तिथे लिंगो भोपळ्याचे तंतुवाद्य करून वाजवतो आणि म्हातारा राक्षस बेभान होऊन नाचू लागतो. त्याच्या सात मुली या भावांच्या घरी येतात. त्यांच्याच चहाडीवरून भाऊ लिंगोला ठार मारतात, अमृताने तो पुन्हा उठतो आणि उठल्यावर कोंडलेल्या भाईबंदांना शोधायला निघतो. महादेव अट घालतो की बिंदो पक्ष्याची पिल्ले आणून दे. पिल्लांवर टपलेल्या भौरनागाचे लिंगो सात तुकडे करतो, पक्षी कृतज्ञतेने त्याच्यावर पंखांची सावली धरतात, पिल्ले महादेवापुढे येतात आणि शिळा हटते.

हे सगळे मी मुद्दाम थांबून सांगितले. गोंडांचा इतिहास म्हणून शाळेच्या पुस्तकात जे येते त्यात देवगड, चांदा, गढा-मंडला इथले राजे आणि त्यांचे किल्ले असतात. या गीतात मात्र शेती कशी आली, विस्तव कसा आला, वाद्य कसे आले, लग्न कसे आले, याची उत्तरे आहेत. ज्या समाजाचा दप्तरखाना गळ्यात होता त्याने काय जपून ठेवणे महत्त्वाचे मानले, ते इथे कळते.

आता कागद जवळून वाचू. १८६६च्या या पाठात गोंड ज्या गुहेत कोंडले गेले ती गुहा आणि काचीकोपा लोहगड या दोन वेगळ्या जागा आहेत. गुहा धवलगिरीवर आहे आणि लोहगड हा सुटलेल्या चौघांचा आसरा आहे. कचारगडला सांगितल्या जाणाऱ्या कथेत या दोन्ही जागा एक झाल्या आहेत. कोंडलेली मुले इथेच होती आणि सुटका इथेच झाली. शिवाय छापील गीतात लोहगडाला ना परगणा आहे, ना तालुका. महादेव, पार्वती, भस्मासूर ही पुराणातली नावे त्यात मोकळेपणाने वावरतात. नागपूरच्या परिसरात राहणाऱ्या परधानाच्या तोंडी ती यावीत यात आश्चर्य नाही. ऐकणारे बदलले की गाणारा नावे बदलतो. एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. गोंडीत काची म्हणजे लोखंड. म्हणजे काचीकोपा लोहगड या नावात लोखंड दोनदा आले आहे, एकदा गोंडीत आणि एकदा मराठी-हिंदीच्या 'लोह'मध्ये. दोन भाषा शेजारी नांदत होत्या याचा हा पुरावा त्या नावातच आहे.

हा कागद पुढे इतरांच्या पुस्तकांत शिरला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८७१च्या आपल्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरच्या पुस्तकात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात आवरून-सावरून मांडली. अमेरिकेतल्या हायवाथाच्या काव्याचा छंद त्यांनी तिला दिला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या चार खंडी ग्रंथात गोंडांच्या प्रकरणात तीच कथा संक्षेपाने आली. विसाव्या शतकात शिकलेल्या माणसाला लिंगो माहीत झाला तो बहुधा या वाटेने. मूळ गोंडी ओळी मागे पडल्या आणि सारांशाचे सारांश पुढे चालत राहिले.

दरम्यान आजच्या गोंदिया जिल्ह्याचा मुलूख सरकारी कागदांत वेगळ्याच रूपात नोंदला जात होता. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांचा १८२७चा अहवाल या भागाला वैनगंगा जिल्ह्यात धरतो. पुढे चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले १८७०चे मध्य प्रांताचे गॅझेटियर आले आणि १९०८ साली रसेल यांनीच संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यांत भंडारा जिल्ह्याचा हा पूर्व भाग म्हणजे जमीनदाऱ्या, जंगल, तलाव आणि महसूल. कामठा, आमगाव, देवरी, सालेकसा, दरेकसा ही नावे जमीनदाऱ्यांची नावे म्हणून येतात. १८१८ साली नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने उठलेल्या कामठ्याच्या चिमणा पटेलाची हकीकत या कागदांत सापडते; ज्यांच्या नावावरून गोंदिया म्हणतात त्यांच्या मुखातली एक ओळही सापडत नाही. रसेल यांनी दोन्ही लिहिले, जमातींच्या ग्रंथात लिंगो आणि गॅझेटियरमध्ये जिल्हा. एका पुस्तकात भूमी आहे, दुसऱ्यात कथा. दोघींना एकत्र बांधण्याचे काम पुढच्या लोकांवर राहिले.

ते बांधकाम कळायला आदिलाबादकडे जावे लागते. तिथे १९४०च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी राजगोंडांमध्ये राहून परधानांच्या कथा टिपल्या. त्यांचे पुस्तक १९४८ साली निघाले. सेतुमाधवराव पगडी यांनीही त्याच परिसरात अधिकारी असताना गोंडी शिकून तिच्यावर लिहिले. आदिलाबादच्या परधानांच्या कथेत काली कंकाली ही आई आहे. तिची मुले म्हणजे गोंडांचे देव. शंभू त्यांना गुहेत कोंडतो. पहांदी कुपार लिंगाल, म्हणजे लिंगोच, आणि जंगूबाई त्यांच्या सुटकेसाठी पुढे येतात. १८६६च्या नागपुरी पाठात ठळक नसलेली ही आई आणि ही जंगूबाई इथे कथेच्या मध्यभागी आहेत.

हे महत्त्वाचे अशासाठी, की आज कचारगडच्या वाटेवर जयजयकार होतो तो लिंगोचा, जंगोचा म्हणजे जंगूबाईचा आणि काली कंकालीचा. कोणी म्हणेल की ही नवी जुळवाजुळव आहे, कारण हिस्लॉप यांच्या पुस्तकात ती तशी नाही. पण दोन कागद शेजारी ठेवले की दिसते, कचारगडची कथा परधानांच्या दुसऱ्या परंपरेशी नाते सांगते. एकच छापील पाठ हाच मूळ पाठ, असे मानण्याची सवय आपल्याला कागदाने लावली. मौखिक परंपरेत गावागावाचा पाठ असतो, आणि प्रत्येक पाठ त्या गावापुरता पूर्ण असतो.

जागा नेमकी दाखवण्याचे काम १९८०च्या दशकात गोंड समाजातल्याच अभ्यासकांनी केले. त्यात दोन नावे ठळक आहेत : मोतीरावण कंगाली आणि सुन्हेरसिंह ताराम. कंगाली यांचा जन्म १९४९चा, रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावचा. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता त्यांनी गोंडी भाषा, लिपी आणि धर्मविचार यांवर ग्रंथामागून ग्रंथ लिहिले. पारी कुपार लिंगोच्या शिकवणुकीवरचा त्यांचा हिंदी ग्रंथ कोयापुनेमच्या, म्हणजे गोंडांच्या धर्मविचाराच्या, अभ्यासकांच्या घरोघरी असतो. २०१५ साली ते गेले. ताराम यांनी 'गोंडवाना दर्शन' हे मासिक चालवले. यांनी आणि यांच्या सोबत्यांनी कथेतले लोखंड, लाल डोंगर, गुहा आणि शिळा ही लक्षणे घेऊन जमीन वाचली आणि कचारगडवर बोट ठेवले. मोजक्या माणसांनी माघ पौर्णिमेला तिथे जायला सुरुवात केली. त्याची जत्रा झाली.

या ओळखीला पुरातत्त्वाचा शिक्का हवा का? माझे मत असे की या वाटेचे मोल त्या शिक्क्यावर अवलंबून ठेवू नये. वारकऱ्याला पंढरीची वाट कोणत्या शतकातल्या शिलालेखात आहे हे विचारून आपण त्याला वाट सोडत नाही. मात्र लिहिणाऱ्याने कागदात काय आहे आणि वाटेवर काय सांगितले जाते ते वेगवेगळे नोंदवावे. दोन्हींचा मान त्यातच राहतो.

धनेगावला पोचल्यावर 'जय सेवा' ऐकू येऊ लागते. सप्तरंगी झेंडे, पिवळे फेटे आणि पिवळी लुगडी, ढोल, पालखी. वाट रानातून जाते आणि पुढे चढण लागते. म्हातारी माणसे थांबत थांबत चढतात, आणि थांबा आला की कोणीतरी सांगू लागते : इथे शिळा होती, इथे कथेतल्या हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली, तो शिळेखाली गेला. सांगणारा कधी भूमका म्हणजे पुजारी असतो, कधी शिक्षक, कधी शहरातून आलेली कॉलेजातली मुलगी. प्रत्येक जण आपल्या भागातला पाठ सांगतो. बस्तरकडचा वेगळा, मंडल्याकडचा वेगळा. रेल्वे या दिवसांत दरेकशाला एरवी न थांबणाऱ्या गाड्या थांबवते. १८८०च्या दशकात याच डोंगरातून बोगदा काढून नागपूर ते छत्तीसगड असा लोहमार्ग नेला गेला, धान्य आणि लाकूड बाहेर काढण्यासाठी. त्याच रुळांवरून आता लोहगडाची माणसे लोहगडाला परत येतात.

पाय टेकवत इतिहास सांगण्याची ही रीत आता शहरांतही दिसते. मेलबर्नच्या फिट्झरॉय वस्तीत, जी मुळात वुरुंजेरी लोकांची भूमी, गर्ट्रूड स्ट्रीटच्या परिसरात तिथल्या मूळनिवासींच्या इतिहासाची पायवाट आखलेली आहे. तिचे थांबे म्हणजे साधे दरवाजे. १९७३ साली मूळनिवासींनी स्वतः सुरू केलेल्या दवाखान्याची जागा, सभा भरत ती जागा. आपल्याकडे चंद्रपुरात १ मार्च २०१७पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी गोंडकालीन परकोटाची झाडोरा आणि कचरा काढून सफाई केली, दोनशे दिवसांहून जास्त, आणि मग लोकांना त्या भिंतीवरून चालवत जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या दरवाजांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्याच कोटाच्या आतल्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली गेली. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी त्या शहरात ज्या स्थानकावर उतरवते त्याचे नावच चांदा फोर्ट आहे.

गोंदिया शहराला कोट नाही, राजवाडा नाही. गाव वाढले ते रेल्वेमुळे. सरकारी माहितीत शहराच्या नावाची व्युत्पत्ती गोंड जमातीवरून सांगतात, आणि त्यांनी रानातून आणलेल्या डिंकावरून, म्हणजे गोंदावरून, आणि लाखेवरून. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन या नावाचा जिल्हा झाला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ आणि तीत अनुसूचित जमाती सुमारे १६ टक्के. म्हणजे नाव ज्यांचे, ते इतर जमातींसकट धरले तरी आपल्याच नावाच्या जिल्ह्यात सहा माणसांमागे एक होते. या शहरात कोणी अशी फेरी काढली तर तिचा पहिला थांबा रेल्वे स्थानकच असावा असे मला वाटते. रेलटोलीच्या बाजूला उभे राहून सांगता येईल की डिंक-लाख डोक्यावर घेऊन कोण येत होते, ते कोणाला विकले जात होते आणि आणणाऱ्यांची भाषा बाजारात कशी मागे पडत गेली. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी रचली, हे सांगायलाही ती जागा चांगली, कारण बालाघाटची गाडी तिथूनच सुटते. २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे देशभर २९ लाखांच्या वर होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती भाषा अजून नाही.

आणि शेवटचा थांबा शहराबाहेर, पुन्हा कचारगडलाच. १८६६च्या गीताच्या चौथ्या भागात सुटका झालेले गोंड नदीपाशी येतात. नदीला पूर असतो. बाकीचे पार होतात आणि मागे राहिलेल्यांना मगर आणि कासव पाठीवर घेतात. कासव इमान राखते, मगर दगा देते. पैलतीरावर लिंगो सर्वांना बसवतो आणि त्यांची कुळे लावून देतो. आजही धनेगावच्या मंडपात दोन अनोळखी माणसे भेटली की 'जय सेवा' झाल्यावर आडनाव विचारतात. उईके, मडावी, कुमरे, मरसकोल्हे. मग पुढचा प्रश्न येतो : किती देवांचे? चार, पाच, सहा की सात. उत्तर आले की दोघांना कळते, आपण सोयरे होऊ शकतो की भाऊच आहोत, आणि ते एकमेकांना त्याच नात्याने हाक मारत डोंगर चढू लागतात.